माणशी एक बाटली

नियम साधा होता. मोठ्या माणसाला माणशी एक बाटली, बूच न काढलेलं, सील शाबूत. हे मी जहाजाच्या कंपनीला तीनदा फोन करून विचारून घेतलं होतं, कारण घरची वाईन बरोबर नसेल तर आपण जहाजावर पाऊल ठेवणार नाही असं आमच्या अण्णांनी जाहीर केलं होतं. "जहाजावरची वाईन म्हणजे रंग दिलेलं पाणी," हे त्यांचं मत. जहाजावर ते जन्मात कधी गेले नव्हते, पण आमच्या घरात मत असायला अनुभव लागत नाही. फोनवरचा मुलगा "घरची वाईन" हे ऐकूनच गांगरला. त्याने साहेबाला विचारलं, साहेबाने त्याच्या साहेबाला, आणि शेवटी उत्तर आलं की चालेल, पण सील पाहिजे.

त्या जहाजावर आम्ही शेवटी चढलोच नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक अजून विचारतात, कशी झाली क्रूझ. मी विषय बदलते.

सहलीची कल्पना माझी आणि हट्टही माझाच. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मी अण्णांना भरल्या ताटावर म्हटलं होतं, "द्राक्षाची बाग विकून टाका आता. तुम्हाला झेपत नाही." मावशी होत्या, मामा होते, सगळ्यांसमोर. मला जीभ आवरता येत नाही, हा गुण मी त्यांच्याकडूनच घेतलाय. अण्णा ताटावरून उठले ते उठलेच. त्यानंतर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. अबोला नव्हता, "बरी आहेस ना" वगैरे चालायचं, पण नजर माझ्या कानावर नाहीतर खांद्यावरून मागच्या कपाटावर. मी समोर जाऊन बसले तरी मान तिरकी. दोन वर्षं! माझं मन किती खाल्लं त्या तिरक्या मानेने. म्हणून मी ठरवलं, पाच दिवस समुद्रावर न्यायचं. जहाजात माणूस तोंड फिरवून फिरवून जाईल कुठे? कधीतरी माझ्याकडे नीट बघेल, आणि मग मी माफी मागेन. मला दुसरं काही नको होतं.

आम्ही चौघं निघालो होतो. अण्णा, आई, मी आणि माझी सात वर्षांची मुलगी. तिला आम्ही ठकी म्हणतो. नवऱ्याला रजा मिळाली नाही. बंदरापर्यंत अण्णांनीच गाडी आणली, दोन तासांचा रस्ता. आई आदल्या दिवसापासून "बसने जाऊ" म्हणून मागे लागली होती. मीच म्हटलं, "बसमध्ये बाटल्या फुटतील, अण्णांच्या गाडीनेच जाऊ." अण्णांनी किल्ली खिशात टाकली. मग दोन तास आईची बडबड. "समोर ट्रक आहे हो. दिवा पडला, लाल आहे. डावीकडून एक दुचाकी घुसतेय बघा." आईला आम्ही रेडिओ म्हणतो. मागच्या सीटवर ठकी आणि मी तिची नक्कल करून तोंड दाबून हसत होतो.

अण्णा रागावलेलेच आहेत याबद्दल मला त्या दिवशी तर शंकाच नव्हती. परवा मी काम करते त्या दुकानात वरच्या फळीवरचा आरसा माझ्या कपाळावर पडला होता आणि तीन टाके पडले होते. भुवईच्या वर ही एवढी पांढरी पट्टी. आईने बघताच तोंडावर हात ठेवला. ठकीने तीनदा फुंकर घातली. अण्णांनी मात्र "आलीस? चल, उशीर होतोय" म्हणत बाटल्यांची पिशवी उचलली. एक शब्द नाही. मला रडू आलं होतं, पण मी ते ठकीच्या बुटांची नाडी बांधण्यात घालवलं.

बंदरावरचं ते दालन म्हणजे मोठं गुदामच, फक्त स्वच्छ. रांगा लावायला पट्ट्या ताणलेल्या, चाकांच्या बॅगांचा खडखडाट, काचेच्या भिंतीपलीकडे जहाजाची पांढरी बाजू इतकी उंच की वर बघून मान दुखावी. बॅगा यंत्रातून गेल्या की पुढे एक लांब टेबल होतं, बाटल्यांचं. तिथे करड्या गणवेशातल्या एक तपासनीस बाई बसल्या होत्या. हातात सुती मोजे, शेजारी चिठ्ठ्यांचं रीळ. प्रत्येक बाटली उचलायची, सील बघायचं, उजेडाकडे धरायची, मानेला चिठ्ठी अडकवायची. बाई हसऱ्या होत्या. आमच्या पुढच्या जोडप्याने शांपूच्या बाटलीतून दारू आणली होती. ती बाईंनी झाकण न उघडता ओळखली आणि म्हणाल्या, "शांपूला फेस येतो हो."

आमची पाळी आली. अण्णा पुढे झाले. तीन बाटल्या त्यांनी कुणाला हात लावू दिल्या नव्हत्या. "हलवायच्या नाहीत, गाळ उठतो," म्हणून गाडीतही त्या आईच्या मांडीवर. प्रत्येक बाटली त्यांच्या जुन्या लोकरी मोज्यात घालून वर सुतळीने बांधलेली. परवा दुपारी तळघरात एकट्याने बसून त्यांनी त्या भरल्या होत्या, बूच ठोकलं होतं, वर लाखेचं सील केलं होतं.

"घरची आहे वाटतं?" बाईंनी विचारलं.

"माझी आहे," अण्णा म्हणाले. "माझ्या बागेतली, माझ्या हातची. सतरा महिने ठेवलीय. थांबा, मीच दाखवतो."

त्यांनी सुतळी सोडली. बोटं झरझर चालत होती, या वयातही त्यांच्या हाताला एक सफाई आहे. मोजा खाली ओढला, बाटली मानेला धरली आणि काचेच्या भिंतीतून येणाऱ्या उजेडाकडे उंच केली. अण्णा नेहमी पांढऱ्या काचेच्याच बाटल्या वापरतात. रंग झाकायचा तर वाईन करायची कशाला, असं त्यांचं म्हणणं.

"बघा रंग," ते म्हणाले. "असा लाल तुम्हाला दुकानात मिळायचा नाही."

बाटली निळी होती.

काच नव्हे, आतलं पाणी. मोराच्या मानेसारखं निळं, लखलखीत, आरपार. मागच्या काचेतून समुद्र दिसत होता आणि तो त्या बाटलीपुढे मळका वाटत होता. अण्णांचा हात उंच, छाती पुढे, चेहऱ्यावर असं हसू की ते मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. ठकी म्हणाली, "आजोबा, ही तर निळी आहे." पण तिचा आवाज गोंगाटात बुडाला. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

"चेष्टा करताय ना आजोबा?" बाईंचं हसू अजून तोंडावर होतं, फक्त त्यातला जीव गेला होता.

"वाईनची मी चेष्टा करत नाही," अण्णा म्हणाले.

मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. तोंड उघडं होतं आणि एक हात तिने अण्णांच्या कोपराला घातला होता. तो हात तिथे आधीपासूनच होता हे मला तेव्हा दिसलं.

ती वाईन नव्हती, ते मोरचुदाचं पाणी होतं. बागेत वेलींवर बुरशी येऊ नये म्हणून मारतात ते. मी त्याच बागेत वाढले, तो निळा रंग मला झोपेत दाखवला तरी मी ओळखेन. पोटात गेलं तर माणसाचं काय होतं हेही आम्हाला लहानपणी धाक म्हणून सांगितलेलं होतं. माझा बाप विषाच्या तीन बाटल्या, बूच मारून, सील करून, मोज्यात गुंडाळून जहाजावर घेऊन चालला होता. आणि त्यातली एक माझ्या नावची होती.

पुढचं फार पटकन झालं. बाईंनी टेबलाखालचं बटण दाबलं असावं. दोन गणवेशवाले आले, त्यांनी आवाज न चढवता आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. छोटी खोली. एक टेबल, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, भिंतीवर जीवरक्षक जाकीट कसं घालायचं त्याची चित्रं. तीन बाटल्या टेबलावर ओळीने ठेवल्या. तिन्ही निळ्या. तपासनीस बाई समोर बसल्या आणि त्यांनी एक छापील कागद पुढे ओढला.

"यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"वाईन," अण्णा म्हणाले.

"मोरचूद," मी म्हणाले.

अण्णांची मान माझ्याकडे वळली. तिरकीच. "काय बोलतेस तू?"

"अण्णा, मोरचूद आहे! फवारणीचं! कुठल्या बुधल्यातून भरलंत तुम्ही?"

"डावीकडच्या. खिडकीखालच्या. चाळीस वर्षं वाईनचा बुधला तिथेच असतो, मला शिकवतेस?"

खिडकीखालचा बुधला मीच हलवला होता. तीन आठवड्यांपूर्वी अण्णा दुपारचे झोपले असताना मी तळघर आवरायला गेले होते. त्यांना खूष करायचं होतं, दुसरं काय! दाराजवळ ओल येते म्हणून मोरचुदाचा बुधला मी उचलून खिडकीखाली ठेवला आणि वाईनचा आत सरकवला. दोन्ही सारखेच, काचेचे, खाली तोटी असलेले. चूक होऊ नये म्हणून मोरचुदाच्या गळ्यात मी पुठ्ठा अडकवला होता. त्यावर लाल शाईने, ठकीच्या तळहाताएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: विष.

"पुठ्ठा दिसला नाही तुम्हाला?" मी विचारलं. "एवढा मोठा पुठ्ठा? वास नाही आला? चाखून तरी बघायचं!"

"भरताना चाखायची नाही," अण्णा म्हणाले. तो त्यांचा नियम, त्यांच्या बापाचा होता तो. भरताना तोंड लावायचं नाही, चारचौघांत उघडायची आणि मगच पहिला घोट. "आणि सर्दी झालीय मला पंधरा दिवस. शिवाय तळघराला सगळ्यालाच वास असतो."

"आणि पुठ्ठा?"

आईने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

बाई हुशार होत्या, आणि वाईट नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, मला इथे कारण लिहावं लागतं. विषारी पदार्थ जहाजावर आणला आणि वाईन म्हणून दाखवला. एक तर तुम्हाला माहीत होतं, नाहीतर माहीत नव्हतं. माहीत होतं असं लिहिलं तर पोलीस येतील. माहीत नव्हतं असं लिहायचं तर आजोबा, रंग समोर दिसत असताना माहीत कसं नव्हतं, तेही लिहावं लागेल."

अण्णा खुर्चीत ताठ बसले. "लिहा, माहीत होतं."

"अहो!" आई किंचाळली.

"पोलीस येऊ देत. लिहा."

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. बारा वर्षं. माणसाला खुर्चीत बसवायचं, समोर अक्षरांचा तक्ता लावायचा आणि नंबर काढायचा. दिवसाला पंधरा-वीस माणसं बघते मी. मान तिरकी करणारी, समोरच्याच्या कानाकडे बघून बोलणारी माणसं तर कितीतरी. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला की असं होतं. कडेचं दिसतं, त्यामुळे माणूस दाराला धडकत नाही, जिना उतरतो, सुतळी सोडतो. नेमकं ज्याच्याकडे बघायला जावं ते मात्र पुसलं जातं, आणि हळूहळू रंगही जातात. मग ती माणसं नजर बाजूला टाकून कडेने बघायला शिकतात. अशा गिऱ्हाइकाला मी दोन मिनिटांत ओळखते आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. दुकानात माझं त्यासाठी नाव आहे.

मी उठले आणि अण्णांच्या खुर्चीसमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ उभी राहिले. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"अण्णा, माझ्या कपाळाला काय झालंय?"

"कपाळाला?" त्यांची मान डावीकडे गेली, मग उजवीकडे. कडेने शोधत होते ते मला. आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. "का? लागलंय का तुला? कुठे लागलंय? कधी?"

त्यांनी हात वर केला. तो आधी माझ्या गालाला लागला, मग वर चाचपत पट्टीवर आला. बोटं तिथेच थांबली. "अगं, टाके आहेत हे," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं का नाही?"

मी खालीच बसले, फरशीवर.

"दिसत नाही त्यांना," आई म्हणाली. ती माझ्याशी नाही, त्या तपासनीस बाईंशी बोलत होती. "दोन वर्षं झाली. आधी धूसर होतं, आता चेहरा दिसत नाही, रंग कळत नाही. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. हिला तर मुळीच नाही. ही म्हणेल, बघा, मी सांगत होते ना, बाग विका. तळघरात मी बरोबर उतरते, हा बुधला, तो बुधला, सगळं मी सांगते. पण आता माझे गुडघे गेले, जिना उतरवत नाही. परवा हे म्हणाले, मला जागा पाठ आहे. लिहा बाई, तसंच लिहा. दिसत नाही."

बाईंनी लिहिलं. पेनाचा आवाज ऐकू येत होता. अण्णा मान खाली घालून बसले होते आणि मला एवढंच कळत होतं की दोन वर्षं मी ज्याला राग समजत होते तो राग नव्हताच. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. दोन वर्षं माझ्या समोर आंधळा होत चाललेला माणूस मला दिसला नाही, मला, जिचं त्यासाठी नाव आहे, याची माफी कुणाकडे मागायची? मी एवढी मूर्ख कशी, हे एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

बाई म्हणाल्या, "बाटल्या इथे ठेवून घेते. तुम्हाला जायला हरकत नाही. अर्धा तास आहे अजून." मग कागद दुमडता दुमडता त्यांनी सहज विचारलं. अगदी सहज, माणूस निरोपाचं बोलतो तसं. "आलात कसे इथपर्यंत? दूरचे ना तुम्ही?"

मी अण्णांच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत होते. गाडीच्या किल्लीचं कडं बाहेर लोंबत होतं.

"आई," मी म्हणाले.

"मी असते ना शेजारी," आई घाईघाईने म्हणाली. "मी सगळं सांगते त्यांना. ट्रक, दिवे, दुचाकी, सगळं. एक क्षण तोंड मिटत नाही मी. तुम्ही हसता, हसा बापडे, पण मी तोंड मिटत नाही."

दोन तास. नव्वद किलोमीटर. मागच्या सीटवर माझी पोर, पट्टा सैल करून, आजीची नक्कल करत. "दिवा पडला, लाल आहे." आणि मी हसत होते! मी आईला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. आवाज चढला तसे बाहेरचे गणवेशवाले आत डोकावले. आई रडत राहिली आणि म्हणत राहिली, "मी असते ना. मी नसताना ते किल्लीला हात लावत नाहीत. कधीही नाही. विचार त्यांना."

आणि मला गुरुवार आठवला.

दर गुरुवारी माझं दुकान उशिरापर्यंत चालू असतं. ठकीचा पोहण्याचा वर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाला. आठ महिन्यांपूर्वी तिची ने-आण करणारी बाई गाव सोडून गेली. दुसरं कुणी मिळेना तेव्हा मी दात-ओठ खात अण्णांना फोन केला होता. गुरुवारी ठकीला शाळेतून घ्याल का, पोहायला न्याल का, परत आणाल का. पलीकडे एवढी शांतता झाली की फोन तुटला असं मला वाटलं. मग अण्णा म्हणाले, "बरं." आणि गुरुवारी त्या वेळेला आई इस्पितळात असते, गुडघ्यांच्या व्यायामाला.

"गुरुवारी कोण असतं शेजारी?" मी विचारलं.

"गुरुवारी ते बसने जातात," आई डोळे पुसत म्हणाली. "बसने नेतात, बसने आणतात. पहिल्या दिवशीच मी बजावलंय."

ठकी पिंपाजवळ कागदी पेल्यांचा मनोरा रचत बसली होती. तिने मान वर केली. "बस नाही गं आजी. गाडी. आजोबांच्या गाडीत मला पुढे बसायला मिळतं."

आईच्या तोंडून आवाज निघाला तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. ती अण्णांकडे वळली. "बसने जातो म्हणालात तुम्ही मला. तिकिटं दाखवायचात!"

"वर्गाच्या बाहेर स्टॉप आहे, तिथे पडलेली असतात," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "बसचा नंबर मला वाचता येत नाही. दोनदा चुकीच्या बसमध्ये बसवलं मी पोरीला. दुसऱ्या वेळी तिचा हात सुटला गर्दीत. गाडीत निदान ती माझ्याजवळ असते."

"आणि दिवे?" मी म्हणाले. "लाल, हिरवा? कसं कळतं?"

"पुढच्या गाडीच्या मागे राहतो. तिचं धूड कडेने दिसतं. ती थांबली की थांबायचं, ती निघाली की निघायचं."

"आणि पुढे गाडी नसली तर?"

"तर बाजूला थांबतो. येतेच एखादी."

"कधी कधी खूप वेळ थांबतो आम्ही," ठकी म्हणाली. "मग आम्ही गाणी म्हणतो."

तपासनीस बाई उठल्या. त्यांनी ठकीचा हात धरला आणि तिला म्हणाल्या, "चल, तुला जहाज दाखवते खिडकीतून." दार लावून घेताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांच्याही घरी कुणी असेल.

खोलीत आम्ही तिघंच उरलो. आईने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. माझ्या डोळ्यांपुढे तो रस्ता येत होता. शाळेचा कोपरा, उतार, बाजारातला चौक, चढावरचं वळण. रस्त्याच्या कडेला थांबलेली एक गाडी, आत एक म्हातारा आणि पुढच्या सीटवर माझी मुलगी, दोघं गाणी म्हणतायत, कुठलं तरी वाहन येण्याची वाट बघत.

"किती गुरुवार, अण्णा?" मी कसंबसं विचारलं.

"एकतीस."

त्यांना आठवावं लागलं नाही.

"एकतीस वेळा?" मी म्हणाले. "एकदाही वाटलं नाही सांगावंसं? एक फोन, अण्णा! मला दिसत नाही, दुसरं कुणी बघ. एवढंच म्हणायचं होतं!"

"प्रत्येक वेळी वाटलं." अण्णांनी मान वर केली. त्यांची नजर माझ्या खांद्यापलीकडे, त्या जाकिटांच्या चित्रांवर कुठेतरी होती. "तुमच्या दारात गाडी लावली की माझे पाय लटलट कापायचे. दहा-दहा मिनिटं गाडीतून उतरता यायचं नाही. ठरवायचो, आज सांगायचं, आजचा शेवटचा. आणि तेवढ्यात तुझा फोन यायचा. 'अण्णा, पोचली का ठकी? थँक्यू हं, अण्णा.' दोन वर्षांत तेवढंच तर बोलायचीस माझ्याशी."